मोठ्या झाडाला कुंडी केवढी?

दिवाणखान्यातले रबराचे झाड चार-पाच फुटांचे झाले की त्याला नवी कुंडी द्यायची वेळ येते. पुन्हा पुन्हा खटाटोप नको, एकदाच मोठी घेऊन टाकू, या विचाराने दहा इंची कुंडीतले झाड थेट सोळा इंचीत जाते. पुढे काही आठवड्यांत खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. झाड मलूल दिसते म्हणून पाणी वाढवले जाते, आणि ते आणखी झपाट्याने खचते. त्याच रोपवाटिकेतून आणलेले दुसरे झाड दहा इंची मातीच्या कुंडीत दाटीवाटीने उभे असते आणि तरीही नवी पाने काढत राहते. ऐसपैस जागा मिळालेले झाड आधी मरावे, याचे कारण मुळांना लागणाऱ्या हवेत आहे.

मुळांचा श्वास

पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करतात, हे शाळेत शिकवले जाते. मुळे मात्र अन्न तयार करत नाहीत. ती पानांकडून आलेली साखर वापरतात आणि त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. हा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत येतो. पाणी घातले की पोकळ्या भरतात, पाणी निथळले आणि मुळांनी शोषले की त्या पुन्हा रिकाम्या होतात आणि वरून ताजी हवा आत येते. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. त्यामुळे पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात. कमजोर झालेल्या मुळांवर पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचा हल्ला होतो, मुळे तपकिरी आणि लिबलिबीत होतात. मेलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाडही तहानल्यासारखे दिसते. ते पाहून पुन्हा पाणी घातले जाते, आणि घरातली बहुतेक मोठी झाडे जातात ती याच गैरसमजातून.

कुंडीतले पाणी दोन वाटांनी कमी होते. काही पृष्ठभागावरून आणि कुंडी सच्छिद्र असेल तर तिच्या भिंतीतून उडून जाते, उरलेले झाड पिते. झाड सोळा इंची कुंडीत हलवले तरी त्याची मुळे सुरुवातीला मधल्या दहा इंचांतच असतात. भोवतालच्या मातीतले पाणी ओढून घ्यायला तिथे कुणीच नसते, म्हणून ती ओलीच राहते. मुळे त्या ओल्या थरात शिरायला लागतात तेव्हा तिथे हवा नसते. कुंडी निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा असावा, की घरातल्या त्या कोपऱ्यात, त्या झाडासह, ही कुंडी किती दिवसांत वाळेल? मोठ्या पानांच्या बहुतेक घरगुती झाडांसाठी वरची दोन इंच माती चार ते आठ दिवसांत कोरडी व्हावी. पंधरा दिवसांनीही बोटाला ओल लागत असेल तर कुंडी त्या झाडासाठी किंवा त्या जागेसाठी फार मोठी आहे.

बाहेर ऊन, आत अंधार

सोलापुरात या हिशोबाची हमखास गल्लत होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि अशा गावात झाडाला पाणी जास्तच लागणार असे कुणालाही वाटेल. अंगणातल्या झाडाबाबत ते खरे आहे. घरातल्या झाडाची तहान मात्र मुख्यतः उजेडावर ठरते. पानांवरची सूक्ष्म छिद्रे उजेडात उघडतात आणि त्यांतूनच पाणी बाहेर पडते. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. खिडकीपासून दहा-बारा फूट आतल्या कोपऱ्यात तो दोनशे लक्सवर, कधी त्याहूनही खाली येतो. डोळा या फरकाला पटकन सरावतो, म्हणून खोली उजळ वाटते. झाडाला मात्र ती काळोखी असते.

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या दाट बाजारपेठेत घराच्या बाजूच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना लागून असतात, खाली दुकान असते आणि वरच्या मजल्यावर उजेड येतो तो रस्त्याकडच्या खिडकीतून. तिथे खिडकीलगत ठेवलेले आणि आतल्या जिन्यापाशी ठेवलेले अशी एकाच जातीची दोन झाडे असली, तर त्यांना सारख्या कुंड्या देणे चूक ठरेल. खिडकीतल्या झाडाला एक माप मोठी कुंडी चालते, आतल्याला मुळांपुरतीच बेताची.

ऋतूचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात तीन दिवसांत वाळणारी कुंडी ऑगस्टच्या ढगाळ, दमट दिवसांत आठ-दहा दिवस ओली राहते. म्हणून कुंडी पावसाळ्याच्या हिशोबाने निवडलेली बरी. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर तांब्याभर जास्त घालता येते. पावसाळ्यात मातीत अडकलेले पाणी बाहेर काढण्याचा मात्र काही मार्ग नसतो.

दोन इंचांनी किती फरक पडतो?

कुंडीचे माप तिच्या तोंडाच्या व्यासावरून सांगितले जाते. दहा इंची आणि चौदा इंची यांत चारच इंचांचा फरक दिसतो, पण माती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उंची तोंडाच्या व्यासाइतकी आणि बूड थोडे निमुळते अशी नेहमीची कुंडी धरली, तर दहा इंचीत सुमारे ९ लिटर माती मावते, बारा इंचीत १६, चौदा इंचीत २६ आणि सोळा इंचीत ३८ लिटर. म्हणजे दहावरून सोळावर उडी मारली की मातीचे प्रमाण चौपटीहून जास्त होते आणि झाड तेवढेच राहते. रोपवाटिकांमध्ये 'एका वेळी दोन इंच' असे सांगतात, त्यामागे हाच हिशोब आहे. बारा इंचांच्या पुढे दोनऐवजी चार इंचांची वाढही चालते, मात्र झाड भरभरून वाढत असेल आणि जागा उजेडाची असेल तरच.

कुंडी बदलायची वेळ आली का, हे झाडाच्या उंचीवरून कळत नाही. त्यासाठी मुळांसकट मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, बाहेर काढून पाहावी लागते. हुंडीच्या कडेने मुळांचे वेढे पडले असतील, तळाच्या भोकांतून मुळे डोकावत असतील, किंवा घातलेले पाणी मातीत न मुरता सरळ खाली वाहून जात असेल, तर कुंडी लहान पडली आहे. कडेला मातीच माती दिसत असेल तर झाड आहे तिथे आणखी वर्षभर सुखाने राहील.

तळाशी खडी घालावी का?

भोकावर खापराचा तुकडा, त्यावर दोन-तीन इंच खडी किंवा विटांचे तुकडे आणि मग माती, ही रचना घरोघरी सांगितली जाते. खडीने पाणी लवकर निथळते, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात उलट घडते, आणि ते भांडी घासायच्या स्पंजवर पाहता येते. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. थोडे पाणी गळते आणि थांबते. आता तोच स्पंज न पिळता उभा धरला तर आणखी पाणी गळते, पण तळाचा काही भाग ओलाच राहतो. बारीक छिद्रांतली पाण्याची ओढ तेवढे पाणी वर धरून ठेवते. कुंडीतल्या मातीतही तळाशी असाच एक चिंब थर तयार होतो. त्याची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. त्यामुळे खडी घातली की चिंब थर खडीच्या वर जाऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ, आणि मातीची उपयोगी उंची तेवढी कमी होते. भोकावर माती अडवण्यापुरते एक खापर किंवा जाळीचा तुकडा पुरे.

त्यातूनच कुंडीच्या आकाराबद्दलही एक गोष्ट कळते. चिंब थर दोन इंचांचा असेल तर सहा इंच खोल पसरट कुंडीत एक तृतीयांश माती हवेविना राहते, बारा इंच खोल कुंडीत फक्त एक षष्ठांश. मोठ्या झाडाला म्हणून रुंद आणि उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी मानवते. गळ्याशी अरुंद आणि पोटाशी फुगीर कुंड्या दिसायला देखण्या असतात. झाड मोठे झाल्यावर त्यांतून हुंडी बाहेर येत नाही, आणि शेवटी कुंडी फोडावी लागते किंवा मुळे कापावी लागतात. तोंड सर्वांत रुंद असलेली कुंडीच घ्यावी.

भोकाशिवाय कुंडी मोठ्या झाडाला चालत नाही, यात तडजोड नाही. मधोमध एकच छोटे भोक असेल तर ते मुळांनी किंवा फरशीला चिकटून बंद होते. बारा इंचांच्या पुढे बोटभर रुंदीची तीन-चार भोके असावीत आणि कुंडीखाली अर्धा-एक इंचाचे पाय किंवा फरशीचे तुकडे द्यावेत.

माती, प्लॅस्टिक, चिनी माती

सोलापूरच्या वेशींपैकी एकीचे नाव कुंभार वेस आहे, आणि मकरसंक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. भाजलेल्या मातीचा गुण या गावाला वेगळा सांगायला नको. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते माठ पाझरतो म्हणून. भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येते, उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मातीची कुंडी नेमके हेच करते. ती चारही बाजूंनी वाळते, आतली माती गार ठेवते आणि वाळताना भिंतीतून हवा आत घेते. कमी उजेडाच्या खोलीसाठी आणि हात सढळ असणाऱ्या घरासाठी तिच्याइतकी माफ करणारी कुंडी दुसरी नाही. मात्र कोरड्या गावात उजेडाच्या खिडकीत ठेवलेली हीच कुंडी मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी पडते.

विकत घेताना कुंडी बोटाने वाजवून पाहावी. खणखणीत वाजली तर ती नीट भाजलेली आणि बिनतडा असते, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. नवी कुंडी लावणीपूर्वी पाच-सहा तास पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर पहिले पाणी ती स्वतःच पिते.

प्लॅस्टिक, फायबर आणि झिलई केलेली चिनी माती यांच्या भिंतीतून पाणी जात नाही. त्यांत ओल जास्त दिवस टिकते, म्हणून उजेडातल्या आणि पाणी पिणाऱ्या झाडांना त्या बऱ्या. काळ्या प्लॅस्टिकवर पश्चिमेचे ऊन पडत असेल तर आतली माती मुळे भाजण्याइतकी तापू शकते, तेव्हा गॅलरीत फिक्या रंगाची कुंडी घ्यावी. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो आणि माती अल्कधर्मी होते. ती पाण्याने भरून आठवडाभर ठेवावी आणि पाणी एक-दोनदा बदलावे.

माळ्यावरचे तांब्याचे हंडे आणि घंगाळी झाडांसाठी काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तांब्याच्या स्पर्शाने मुळांची टोके खुंटतात, इतकी की काही देशांतल्या रोपवाटिका मुळांचे वेढे थांबवण्यासाठी कुंडीला आतून तांब्याच्या क्षारांचा लेप देतात. अशा भांड्यात झाड थेट न लावता भोके असलेली प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवावी आणि प्रत्येक वेळी तळाला साचलेले पाणी ओतून टाकावे. घरातल्या जुन्या तांब्याला याहून चांगला उपयोग क्वचितच मिळतो.

┌───────────────────────┐
चौकट : दुकानात जाण्यापूर्वी

हुंडीचा व्यास मोजा. कुंडी त्याहून दोन इंच, फार तर चार इंच मोठी घ्या.
जागा अंधारी असेल तर मातीची, उजेडाची असेल तर प्लॅस्टिक, फायबर किंवा चिनी माती.
तोंड सर्वांत रुंद, खोली रुंदीइतकी, बूड भक्कम.
भोके तीन-चार. खडीचा थर नको.
झाड पाच फुटांच्या वर असेल तर कुंडी वजनदार हवी.
└───────────────────────┘

काळ्या मातीचा मोह

सोलापूर जिल्ह्याची काळी माती ज्वारीसाठी सोन्यासारखी आहे. कुंडीत मात्र ती घात करते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. शेतात त्या भेगा पुढच्या पावसात भरून येतात. कुंडीत माती भिंतीपासून सुटते आणि कडेने फट पडते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ बशीत येते, मालकाला वाटते कुंडी भिजली, आणि मधली मुळे कोरडीच राहतात. कितीही चांगली कुंडी घेतली तरी आत निव्वळ काळी माती असेल तर तिचा उपयोग नाही. लाल माती, भिजवून मोकळे केलेले कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि वाटाण्याएवढा विटांचा चुरा समसमान घेतला, तर माती हवेशीरही राहते आणि हलकीही. विटांचा चुरा इथे मातीत मिसळलेला असतो, तळाशी थर म्हणून नव्हे, म्हणून तो उपकारक ठरतो.

दिवसाआडचे पाणी, बोअरचे क्षार

उजनी धरण आणि हिप्परग्याचा तलाव असूनही सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. ज्या घरात पाणी साठवून वापरावे लागते तिथे रोज पाणी मागणारी लहान कुंडी परवडत नाही. खालच्या कप्प्यात पाणी आणि वातीने ते वर शोषणारी 'सेल्फ वॉटरिंग' कुंडी अशा वेळी कामाची असते. तिच्या कप्प्यातले पाणी पूर्ण संपू द्यावे आणि दोन-तीन दिवसांनीच पुन्हा भरावे, म्हणजे मुळांना हवा मिळते.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीवर बाहेरून येणारा पांढरा थर तोच. कुंडीवर तो निरुपद्रवी असतो, कारण तेवढे क्षार मातीबाहेर आलेले असतात. प्लॅस्टिकच्या कुंडीत त्यांना भिंतीतून बाहेर पडायची वाट नसते, म्हणून पानांची टोके करपतात. दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी वरून सोडावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बचतीच्या भावनेने झाडांना घातले जाते. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही दाट असतात, तेव्हा ते फरशी पुसायला वापरावे.

बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावे. डेंगी पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, थोड्याशा पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला आरोग्य खाते सांगते, तेव्हा कुंडीखालच्या बशा त्यात पहिल्या याव्यात.

वजन, जिना आणि माळवद

ओल्या बागमातीचे वजन लिटरला दीड किलोच्या वर जाते. चौदा इंची मातीची कुंडी भरून, भिजवून पन्नास किलोच्या आसपास होते. कोकोपीट आणि विटांचा चुरा यांच्या मिश्रणाने आणि फायबरच्या कुंडीने हेच वजन जवळपास निम्म्यावर येते. अरुंद जिन्याने वर न्यायचे असेल तर कुंडी रिकामी न्यावी आणि जागेवर भरावी. काँक्रीटच्या मजल्याला एवढे ओझे जड नाही, भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा मजला चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखतात. जुन्या माळवदाच्या किंवा लाकडी मजल्याच्या घरात मात्र मोठी कुंडी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या टेकूजवळ ठेवावी. तिथे पाणी झिरपणे हा वजनापेक्षाही मोठा धोका असतो, म्हणून बशी खोल हवी.

उलट, फार हलकी कुंडीही अडचणीची असते. सहा फुटांचे फिड्ल लीफ फिग शेंड्याला जड असते आणि पंख्याच्या वाऱ्याने किंवा लहान मुलाच्या धक्क्याने आडवे होते. प्लॅस्टिकची कुंडी जड मातीच्या किंवा सिमेंटच्या कुंडीत बसवली की ओल आणि तोल दोन्ही सांभाळले जातात.

झाडागणिक

रबराचे झाड आणि त्याच्या वडाच्या कुळातली इतर झाडे दाटीत खूश असतात, त्यांना कुंडी उशिरा बदललेली चालते. अरेका पाम मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे बारीक, दाट आणि हाताळणीला नाजूक असतात, आणि त्याला कोरडेपणा सोसत नाही, तेव्हा खोल, ओल धरणारी कुंडी घ्यावी आणि हुंडी न मोडता हलवावी. मॉन्स्टेरा मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडावर चढणारा वेल आहे. त्याला आधाराची काठी लागते आणि काठी उभी राहावी म्हणून कुंडी रुंद बुडाची हवी. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट जमिनीखालच्या जाड कंदांत पाणी साठवतात. त्यांना मातीचीच कुंडी, तीही लहान. झीझीचे कंद वाढून प्लॅस्टिकची कुंडी फुगवतात, कधी फोडतातही, आणि तेच कुंडी बदलायचे चिन्ह समजावे.

कुंडी बदलताना

सोलापूरच्या हवेत यासाठी जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ चांगला. उन्हाचा ताप उतरलेला असतो आणि मुळे वाढीला लागलेली असतात. आदल्या दिवशी पाणी घालून हुंडी बाहेर काढावी, कडेचे वेढे बोटांनी सोडवावेत किंवा धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभे कापावेत. ती पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावी, खोड जास्त पुरले तर ते सडते. काठापासून दीड-दोन इंच जागा पाण्यासाठी रिकामी ठेवावी.

एका टप्प्यानंतर कुंडी मोठी करणे घरात शक्यच नसते. सोळा-अठरा इंचीतले झाड मग तिथेच सांभाळावे लागते. दर दोन वर्षांनी हुंडी बाहेर काढून बाजूची आणि तळाची एक-दीड इंच मुळे कापावीत, तेवढ्याच प्रमाणात फांद्याही छाटाव्यात आणि त्याच कुंडीत नवी माती भरावी. रबराच्या झाडाला ही छाटणी सोसते. पामला सोसत नाही, त्याच्या कुंडीतली फक्त वरची दोन इंच माती दरवर्षी उकरून त्या जागी गांडूळखत मिसळलेली नवी माती घालावी.